वीस वर्षांपूर्वी दुखावलेला गुडघा घेऊन पुन्हा कबड्डी खेळता येईल का?

विचारलेलं थोडक्यात असं: वय ४३, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कामधंदा शेती. तेविसाव्या वर्षापर्यंत गावच्या मंडळाकडून ६० किलो वजनगटात चढाया केल्या. एका सामन्यात कोपऱ्यावर घोटा धरला गेला, उजवा गुडघा ‘कट्’ वाजला, महिनाभर धड चालता आलं नाही. मग गुडघा बरा झाला, पण खेळ सुटला तो सुटलाच. आता वजन ७९ किलो. संक्रांतीनंतर गावात माजी खेळाडूंचे सामने आहेत. पोळ्यापासून तयारी केली तर उतरता येईल का?

भाऊ, याचं उत्तर तुमच्या वयात कमी आणि त्या एका दिवसात जास्त आहे. तयारीला लागण्याआधी तो दिवस नीट आठवा. तेव्हा मैदानावर असलेल्या एक-दोन सवंगड्यांनाही विचारा, कारण दुखणाऱ्या माणसापेक्षा बघणाऱ्याला पुष्कळदा जास्त आठवतं.

पहिला प्रश्न: सूज किती वेळाने आली? दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला असेल तर आत रक्त साठलं होतं, आणि असं रक्त बहुतेक वेळा आतलं पुढचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), म्हणजे एसीएल, तुटल्यावर साठतं. रात्री झोपेपर्यंत बरं होतं आणि सकाळी उठून पाहिलं तर सूज, असं असेल तर आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याचा संशय जास्त. दुसरा प्रश्न: पाऊल कुठे होतं? कोपरारक्षकाने घोटा जखडला, पाऊल जमिनीला चिकटलं आणि अंग मात्र मध्यरेषेकडे वळलं, तर गुडघ्याला पीळ बसतो. एसीएल तुटण्याची ही अगदी ठरलेली रीत आहे. आपल्या काळ्या मातीला भेगा पडलेल्या असल्या आणि पाऊल भेगेत रुतलं, तर घोटा कुणी न धरताही हेच होतं.

तिसरा प्रश्न आजचा आहे. सरळ रस्त्याने कोसभर चाललात तरी काही होत नाही, पण धुऱ्यावरून उतरताना, डोक्यावर भारा घेऊन वळताना, बिथरलेल्या गोऱ्ह्यामागे धावताना गुडघा आतून सटकतो का? सटकत असेल तर लिगामेंट तुटलेलंच आहे असं धरून चाला. गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही, हलवून सोडवावा लागतो, असं असेल तर गादीचा फाटका तुकडा सांध्यात येतो आहे. उकिडवं बसून उठताना नुसती करकर होते आणि वाटीच्या मागे थोडं दुखतं, एवढंच असेल तर त्यातल्या त्यात बरी बातमी. ते व्यायामाने बऱ्यापैकी आवरतं.

त्या काळी गावात मालीश, हळदीचा गरम लेप आणि महिनाभर बाजेवर विश्रांती हाच उपचार असायचा. दुखणं थांबलं म्हणजे जोडलं गेलं, असं सगळेच समजायचे. पण तुटलेलं एसीएल सहसा आपोआप नीट जुळत नाही, आणि सूज उतरल्यावर ते दुखतही नाही. मांडीचे स्नायू काम सांभाळून घेतात आणि सरळ चालायला काही अडत नाही. नुकसान होतं ते प्रत्येक सटकण्याला. दर वेळी गादी थोडी चेंगरते. अशी दुखापत झालेल्यांच्या गुडघ्यात १०-२० वर्षांत झीज दिसू लागते, बरोबरीच्या लोकांचे गुडघे शाबूत असतानाच. म्हणून सकाळी उठल्यावर उजवा गुडघा आखडत असेल तर ते वयावर ढकलून मोकळं होऊ नका.

आता घरच्या चाचण्या. उताणं पडून दोन्ही टाचांखाली एकेक वीट ठेवा आणि पाय सैल सोडा. उजवा गुडघा डाव्याइतका सरळ होतो का, ते दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. मग शिंप्याच्या टेपने वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. उजवी मांडी २ सेंटीमीटरने किंवा जास्त बारीक असेल तर तो पाय वीस वर्षं अंग चोरतो आहे. त्यानंतर साध्या खुर्चीवरून हात न लावता एका पायावर उठा. डाव्यावर दहा वेळा उठता आणि उजव्यावर चौथ्यालाच गुडघा आतल्या बाजूला पडतो, तर तो फरक भरून काढणं हेच पुढच्या चार महिन्यांचं पहिलं काम. शेवटी भिंतीला बोट टेकून एका पायावर टाच उचला. धडधाकट माणसाने सलग २०-२५ वेळा उचलायला हवी.

गुडघा सटकत किंवा अडकत असेल तर पुढची तयारी वाचण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये, सेवाग्रामला किंवा सावंगीला हे दाखवता येतं. डॉक्टर आधी हातानेच गुडघा पुढे ओढून पाहतील आणि गरज वाटली तर एमआरआय सांगतील. एसीएल तुटलेलं आहे आणि गुडघा सटकतो आहे हे पक्कं झालं, तर या संक्रांतीला चढाई नाही आणि पकडही नाही. बाजारात मिळणारी, गुडघ्यावर चढवायची लवचीक टोपी (नी-कॅप) घालून खेळू नका. ती ऊब देते आणि विश्वास देते, पण पीळ थांबवत नाही, म्हणून न घातल्यापेक्षा वाईट. ऑपरेशन केलं तरी अशा खेळाला परतायला निदान नऊ महिने लागतात.

गुडघा घट्ट निघाला तर पुढचं बघू. पण त्याच फेरीत रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. कबड्डीत धावणं थोडं आणि झोंबाझोंबी फार. चढाई ३० सेकंदांची, त्यात दम चालू म्हणजे श्वास सतत बाहेर. मग तिघांनी कवेत घेतल्यावर माणूस श्वास कोंडून मध्यरेषेकडे रेटतो. त्या दहा सेकंदांत रक्तदाब एकदम चढतो. तेविसाव्या वर्षी हृदय ते सहज झेलतं. चाळिशीत, पोट सुटलेलं असताना आणि तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, असताना, तसं गृहीत धरता येत नाही. दाब १४०/९० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, १६०/१०० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत झोंबाझोंबी बंद. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, पायऱ्या चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही असेल तर ट्रेडमिलची तपासणी झाल्याशिवाय मैदान नाही.

खर्ऱ्याबद्दल स्पष्टच सांगतो. तंबाखूने नाडी आणि दाब दोन्ही वाढतात, हृदयाच्या नळ्या आकसतात. सामन्याआधी ‘तरतरी’साठी खर्रा घोटणं म्हणजे हृदयावर दोन बाजूंनी ओझं. आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी घालून बघा. मावत नसतील तर सुपारीने आतली कातडी आखडली आहे. ते कबड्डीपेक्षा मोठं दुखणं आहे, दाताच्या डॉक्टरांकडे लगेच जा.

आता तयारीतली मुख्य अडचण. पहिल्या दोन-तीन सरावांतच तुम्हाला वाटेल, अरे, सगळं जसंच्या तसं आहे! डाव आठवतील, कोपऱ्याला हूल देऊन बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून मिळणारा जादा गुण) घेण्याची वेळ बरोबर साधेल. मेंदूत बसलेल्या हालचाली पुसल्या जात नाहीत. स्नायूही सहा-आठ आठवड्यांत बरेच जमतात. पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, विशेषतः टाचेमागची अकिलीस, सावकाश घट्ट होतात आणि त्यांना चार महिने लागतात. डोकं तेविसाचं, कंडरा त्रेचाळिसाच्या, अशा अवस्थेत जो महिना-दीड महिना जातो त्यातच माणसं मोडतात. अकिलीस तुटणाऱ्यांत तिशी ते पन्नाशीतले, बऱ्याच वर्षांनी मैदानावर परतलेले पुरुष सर्वांत जास्त असतात, ते यामुळेच.

‘वावरात दिवसभर राबतो, मला वेगळा व्यायाम कशाला?’ असं म्हणाल. वावरातल्या कामाने पंजा, पाठ आणि चिकाटी तयार होते, हे खरंच. शहरातल्या माणसापेक्षा तुम्ही तिथे पुढेच आहात. पण डवरणी, फवारणी, वेचणी या कामांत उडी मारून एका पायावर उतरणं नाही, धावता धावता दोन पावलांत थांबणं नाही, आणि अंगावर अचानक ८० किलो येणं तर नाहीच. दुखापत नेमकी याच तीन गोष्टींत होते.

विदर्भात व्यायामशाळांची परंपरा जुनी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी करून दाखवली. या परंपरेमुळे आपल्याकडे तयारी म्हटली की माणूस पहिल्याच दिवशी जोर-बैठकांना लागतो. जोर काढा. पण अगदी खाली बसून झटक्याने उठायच्या शंभर बैठका जुन्या गुडघ्याला पहिल्या महिन्यात नकोत. तिथे वाटीवर आणि गादीच्या मागच्या भागावर सर्वांत जास्त दाब पडतो.

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत साधारण १८ आठवडे मिळतात. सोयाबीन काढणीचे दोन आठवडे वजा करा, कारण दिवसभर वाकून कापणी केल्यावर पाठ आणि मांडीच्या मागचे स्नायू थकलेले असतात आणि तेव्हा ताणलेलं लवकर फाटतं. त्या दिवसांत फक्त टाचा उचलणं आणि भिंतीची बैठक (दोन्ही खाली सांगितलेत) चालू ठेवा. उरले सोळा.

पहिले चार आठवडे धावणं नाही. रोज अर्धा तास झपाट्याने चालणं. दिवसाआड भिंतीला पाठ टेकून अर्धवट बैठक, मांड्या जमिनीला समांतर होण्याच्या बऱ्याच आधी थांबून, ४५ सेकंदांची पाच वेळा. ओट्याच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलायच्या, १५-१५ च्या तीन फेऱ्या. वर एका सेकंदात, खाली येताना मनात तीन मोजत. खाली येणं सावकाश हवं, कंडरा त्यानेच घट्ट होते. घाईने केलेल्या शंभर टाचांचा उपयोग फार थोडा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात वजन घ्या. गोणीत २० किलो माती भरून ती खांद्यावर घ्या, मागचा पाय बाजेच्या कडेवर ठेवा आणि पुढच्या पायावर बसा-उठा. आठ-आठच्या तीन फेऱ्या, उजव्या पायाच्या चार. टाचाही हीच गोणी घेऊन. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर उभं राहायचं, सोबत्याने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे पडायचं. सुरुवातीला पाचच वेळा, दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते अपेक्षित आहे. धावणं आता सुरू, दिवसाआड, एक मिनिट धाव आणि एक मिनिट चाल, दहा वेळा.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात उड्या आणि थांबणं. पहिल्या दिवशी एकूण ३०-४० वेळाच उडी मारून उतरा, हळूहळू ८० पर्यंत न्या, आणि दोन दिवसांत मिळून एकदाच. उतरताना आवाज आला नाही पाहिजे. धप्प वाजलं तर धक्का स्नायूंनी झेललाच नाही, तो सांध्यात गेला. मग १० मीटर धावून तीन पावलांत थांबणं, आणि नंतर मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंतच्या (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ३.७५ मीटरमध्ये आडवी पावलं टाकणं.

अंगाला अंग शेवटच्या चार आठवड्यांतच. आधी जागेवर उभं राहून कंबर पकड अर्ध्या जोराने, मग चालत्या चढाईवर, मग पूर्ण. घोटा पकड सर्वांत शेवटी. वयात आलेल्या पोट्ट्यांबरोबर सराव करू नका. त्यांचा काही दोष नसतो, पण सुटायचं कधी आणि सोडायचं कधी हा अंदाज त्यांना अजून आलेला नसतो.

सगळ्या काळासाठी एकच नियम: व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर एक टप्पा मागे. सामन्याच्या दोन आठवडे आधी एका पायावर लांब उडी मारा आणि उतरून दोन सेकंद स्थिर राहा. उजव्याची उडी डाव्याच्या ९० टक्के भरली नाही, तर यंदा मैदानाबाहेर बसा.

वजनाचं म्हणाल तर या काळात सहा-सात किलो उतरवणं पुरे, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. वजनगटात खेळलेल्या माणसाला एक वाईट सवय लागलेली असते: वजन करायच्या आदल्या दिवशी पाणी बंद, अंगात स्वेटर घालून धावणं, आणि पास झाल्यावर ताटभर जेवण. त्या वयात ते निभावलं, पण आता करू नका. पाणी उतरल्याने रक्त घट्ट होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. भाकर कमी करा, वरण वाढवा. तुमच्या वजनाला रोज ९०-१०० ग्रॅम प्रथिनं लागतील. ५० ग्रॅम सोया वडीत त्यातली २५ येतात, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सात-आठ.

दोन औषधांपासून जपा. सामन्याआधी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊन उतरायची पद्धत खेड्यांत फार आहे. त्याने दुखणं लपतं आणि घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसरं सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, जुलाबावर किंवा लघवीच्या त्रासावर सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या. या गटाच्या औषधांनी अकिलीस तुटण्याचा धोका वाढतो, आणि गोळ्या संपल्यावरही तो काही आठवडे, कधी काही महिने राहतो. घ्याव्या लागल्या तर उड्या आणि धावणं थांबवा आणि परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा.

मैदानावर तुमची जागाही बदला. मुख्य चढाईपटू होऊ नका. मागे लाथ मारणं बंद. दुखरा पाय लाथेचा नसला म्हणजे झालं असं वाटतं, पण पीळ टेकलेल्या पायाच्या गुडघ्यात बसतो, आणि उजव्याने मारली तर तोच घोटा हातात सापडतो. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हा बोनस, नाहीतर हाताचा स्पर्श, आणि परत. बचावात कोपरा सोडा, साखळीत मध्यरक्षक म्हणून उभे राहा. तिथे अनुभव कामी येतो, उडी लागत नाही.

आयोजक तुमचेच सवंगडी असतील तर त्यांच्याकडून चार गोष्टी मान्य करून घ्या. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांचा असतो, तो १०-१० चा करा. गडी हवे तेव्हा बदलू द्या. चढाईपटू थांबला की पंचांनी लगेच शिट्टी मारावी, ओढत नेण्याची वाट बघू नये. आणि घोटा पकड नसावी. मैदान १३ बाय १० मीटरचं आखलं तरी चारही बाजूंनी तीन-चार मीटर मोकळं ठेवा. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात मैदान केलं असेल तर जमिनीत राहिलेले खुंट एकेक करून काढा, पायात घुसतात. काळी माती वखरून, ढेकळं फोडून, चाळलेली बारीक माती पसरून, ओलसर असताना दाबली तर भेगा बुजतात. रेषा कळीच्या चुन्याने आखू नका, पडलेल्याच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खडूची भुकटी वापरा. मॅट भाड्याने आणणार असाल तर त्यावर आधी निदान चार-सहा सराव हवेत. अनवाणी मातीत खेळलेल्याचं पाऊल थोडं घसरतं आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट घसरत नाही, सगळा पीळ वर जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन होऊन पाच वर्षं झाली असतील तर आधीच घेऊन ठेवा.

जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि आपले सामने रात्री दहा-अकराला रंगतात. संध्याकाळी अंग गरम केलं, मग दोन तास कोपऱ्यात चहा पीत बसलं, की ते पुन्हा थंड होतं. नंबर लागायच्या आधी १५ मिनिटं परत अंग गरम करा, पाय झाकून बसा, आणि भरपेट जेवण सामन्यानंतरच.

खेळताना मागून कुणीतरी टाचेवर लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून पाहिलं तर कुणीच नाही, तर तिथेच पालथे पडा आणि सोबत्याला पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं तर बहुधा पोटरीचा स्नायू ताणला आहे. अजिबात हललं नाही तर अकिलीस तुटली. मालीश नको, शेक नको. पाऊल खालच्या दिशेने वाकवून लाकडी पट्टीने बांधा आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचा. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर तुटलेली टोकं सोपी जुळतात. महिनाभर घरी बसून गेलात तर मोठं ऑपरेशन लागतं.